स्फटिकलेखेची समाप्ती

कुशाबा घाबरट आहे, हे लालबागेत कुणाला मुद्दाम सांगावं लागत नसे. तो पालीला घाबरे, ट्रामच्या घोड्यांना घाबरे, साहेबाच्या टोपीला घाबरे. आणि साहेबानं टोपी काढली तर आता पुढे काय, म्हणून आणखी घाबरे. गिरणीत साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर, तो इतकी वर्षं टिकला त्याचं कारणही त्याचे सोबती हेच सांगत, की तिथल्या खडखडाटात माणसाचे दात वाजले तरी शेजारच्याला ऐकू जात नाहीत.

असल्या माणसाच्या कपाळी सटवीनं लिहावं काय, तर राक्षसांच्या गोष्टी चारचौघांत मोठ्यानं वाचणं.

याचंही मूळ भीतीतच. देवगडाकडल्या त्याच्या गावात शाळा होती आणि शाळेत मास्तरांची छडी होती. अक्षर अडखळलं की ती पडे. बाकीची पोरं मार खाऊन निगरगट्ट झाली. कुशाबा मार पडण्याआधीच रडे, आणि तो चुकवायचा म्हणून वाचायला शिकला. असा शिकला, की पुढे जन्मभर छापील मजकूर समोर आला की घडाघडा वाचून मोकळा होई. मागे कुणी उभं आहे असं त्याला अजून वाटत असावं.

जेवायला तो पुतळाबाईच्या खाणावळीत होता. पुतळाबाई त्याच मुलखातली, नवरा वारल्यावर मुंबईत आलेली. चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, एकीत चूल आणि दुसरीत पंगत. जेवणारे सगळे कोकणातले गिरणीकामगार. रविवारी गिरणी बंद, म्हणून रविवारी दुपारी बांगड्याचं तिखलं ओरपून झालं की भांडी बाजूला सरत आणि वाचन सुरू होई. गिरगावातल्या एका छापखान्यातून दर महिन्याला एक मासिक निघे, त्यात ‘स्फटिकलेखा’ नावाची अद्भुत कादंबरी तुकड्यातुकड्यानं येत होती. खाणावळीनं वर्गणी काढून ते लावलं होतं.

गोष्ट अशी. स्फटिकलेखा राजकन्या. तिचं लग्न राजपुत्र अरिंजयाशी ठरलेलं. तेवढ्यात नीलकेतू नावाच्या मायावी पुरुषानं तिला पळवलं आणि सरोवराच्या तळाशी काचेच्या महालात कोंडलं. अरिंजय तिचं एक पैंजण पागोट्याला बांधून रानोमाळ शोधत फिरतोय. इकडे राजकन्या आजारी पडली, मरायला टेकली, तेव्हा नीलकेतूनं आपलं अर्धं आयुष्य तिला देऊन तिला उठवलं. त्या दिवसापासून तो रोज सकाळी महालाचं दार उघडतो आणि म्हणतो, जा. आणि ती जात नाही.

ती का जात नाही, यावरून लालबागेत माणसं एकमेकांना मीठ द्यायची बंद झाली.

जयवंत हा अरिंजयाच्या पक्षाचा पुढारी. तरुण पोरगा, भांग पाडणारा, गावी लग्न ठरलेलं. त्याचं म्हणणं, पळवली ती पळवली. मागून अर्धं आयुष्य दिलं म्हणून काय झालं? चोरानं दागिना पुसूनपासून परत दिला तर तो काय सोनार झाला? त्याची माणसं दाराकडच्या भिंतीला बसत.

नीलकेतूच्या पक्षाचा पुढारी शिवा, तो चुलीकडच्या बाजूला. शिवा गिरणीच्या गोदामात कापसाचे गठ्ठे उचलायचा. देह दीपमाळेसारखा, आणि बोलणं दीपमाळेइतकंच. पण नीलकेतूचा विषय निघाला की त्याला कंठ फुटे. माणूस एकदा चुकला म्हणजे काय जन्माचा चुकला, असं तो विचारायचा. आणि तुमचा तो अरिंजय करतो काय? फिरतो. नुसता फिरतो. पैंजण बांधलंय म्हणे पागोट्याला. घरात दार उघडून उभं राहायला जास्त छाती लागते.

“शिवा, तुका त्या मायावी मेल्याचो एवढो पुळको कशाक?” असं जयवंतानं एकदा विचारलं. शिवा जेवता जेवता उठून गेला. तेव्हापासून तेवढा एक प्रश्न कुणी काढला नाही.

कुशाबाला मात्र कारण ठाऊक होतं, कारण शिवाचं गाव त्याच्या शेजारचं. आईच्या सांगण्यावरून शिवानं बायकोला, रखमाला, ऐन पावसात घराबाहेर काढून दार लावलं होतं. ती रात्रभर पडवीत बसली. सकाळी आईनंच दार उघडून तिला आत घेतली, आणि सासू-सून काही झालंच नाही अशा कामाला लागल्या. पण शिवाला तिच्या तोंडाकडे बघवेना. तो त्याच आठवड्यात मुंबईला आला, तो परत गेला नाही. शिमग्याला नाही, गणपतीला नाही, आई वारली तेव्हाही नाही. पैसे तेवढे पाठवी. कुशाबानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. शिवाला कळलं तर तो आपल्याला गठ्ठ्यासारखा उचलून टाकील, ही भीती.

पुतळाबाई दोन्ही पक्षांवर सारख्याच डाफरे. “मेल्यांनो, तुमी भांडतास तिच्यावरसून, पण तिका कोणी इचारल्यान काय, बाय, तुका खंय जावचा असा?” एवढं म्हणून ती पुन्हा चुलीकडे वळे.

तिनंच या कादंबरीची पोथी करून टाकली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या लेखी, अक्षरं असलेला कागद मोठ्यानं वाचायचा आणि माणसांनी मांडी घालून ऐकायचा, म्हणजे पोथीच. तेव्हा नवा अंक आला की तो पाटावर ठेवायचा, हळदकुंकवाचं बोट लावायचं, मग ती गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायची, “बा देवा म्हाराजा, आज ही जी तुझी लेकरा वाचूक बसली हत, त्यांची राखण कर म्हाराजा,” आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, “व्हय म्हाराजा.” सुरुवातीला जयवंत हसायचा. मग त्याला सवय झाली, आणि सवयीचा नेम व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही. पोथीत मध्येच उठायचं नाही, हा नेम. आणि एकदा बसलेल्यानं समाप्ती झाल्याशिवाय पोथी सोडायची नाही, हाही नेम. समाप्तीला नारळ फुटायचा, गाऱ्हाणं व्हायचं, आणि बसलेल्या प्रत्येकानं हुंकार द्यायचा. एकाचा जरी राहिला, तरी समाप्ती नाही.

मासिक छापणाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं आपल्या रिवाजाप्रमाणे गोष्ट नेमकी नको तिथे तोडली. अरिंजयानं मंत्रानं सरोवर आटवलं. तो तलवार उपसून महालाच्या दाराशी उभा. आत नीलकेतूनं आपला मंतरलेला दंड मोडून टाकलेला. आणि स्फटिकलेखा उंबऱ्यावर, एक पाऊल आत, एक बाहेर. पुढील अंकी पाहावे.

पुढील अंक आला नाही. ताप आला.

मांडवीकडे गाठीचा ताप निघालाय हे पावसाळा सरता सरताच ऐकू आलं होतं. तेव्हा मांडवी लांब वाटे. मग भायखळा म्हणू लागले, मग चिंचपोकळी, आणि पौषात लालबागेतल्या नळावर एका सकाळी उंदीर मरून पडलेला दिसला. नुसता मेलेला नव्हे. भर उजेडात, माणसांच्या पायांत येऊन, दारू प्याल्यासारखा गरगरत येऊन मेलेला. कुशाबानं तो पाहिला आणि हातातली कळशी तिथेच टाकून घरी आला. त्या कळशीला पुढे तो कधी शिवला नाही.

त्यानंतर शहर असं झालं की कुशाबाला एकट्याला घाबरट म्हणायची सोयच राहिली नाही. समोरच्या चाळीतल्या माणसाला काखेत गाठ आली. तपासणीवाले शिपाई घेऊन आले, त्याला डोलीत घालून इस्पितळात नेलं, घरच्यांना निराळं काढून माळावरच्या सरकारी छपरात ठेवलं, अंथरूण रस्त्यावर जाळलं, भिंतींना औषधाचं पांढरं पाणी मारलं आणि दारावर लाल गोल काढून गेले. नेलेला माणूस परत आला नाही. मग गोल वाढत गेले. साचेखात्यात अर्धे साचे बंद पडले, आणि कुशाबाला प्रथमच आपल्या दातांचा आवाज ऐकू येऊ लागला.

माणसं गावाकडे पळत होती. धक्क्यावर आगबोटीला जत्रेसारखी गर्दी. खाणावळीतले, जे पोथीला बसत नसत ते, केव्हाच गेले. बसणारे मात्र जागच्या जागी. राजकन्या उंबऱ्यावर लटकलेली, आणि पोथी अर्धी.

लवू तेवढा निघाला. जयवंताच्या पक्षातला, हसतमुख माणूस. तो म्हणाला, बाय, नेम पाळायला माणूस जिता तर हवा. गाठोडं उचललं आणि गेला. पुढच्या आठवड्यात त्याच्या गावचा माणूस भेटला. लवूनं बोटीवरच जीव सोडला होता. घर पाहिलंच नाही.

ताप तो इथूनच अंगात घेऊन निघाला असणार, हे आज कुणीही सांगेल. त्या दिवशी खाणावळीत कुणी सांगितलं नाही. पुतळाबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि एवढंच म्हणाली, “पोथी अर्दी टाकून जो उठात, त्याचा बरा होवचा नाय.” मग कुणीच गाठोडं बांधलं नाही. जयवंतसुद्धा भांग पाडायचा विसरला. ताप दारापर्यंत आला होता, आणि ही माणसं काचेच्या महालात कोंडल्यासारखी दोन खोल्यांत बसून एका छापखान्याची वाट बघत होती.

कुशाबाला दोन्ही बाजूंनी भीती. राहावं तर ताप, जावं तर लवू. त्याला अन्न गिळेना. रात्री काख चाचपून बघायची, सकाळी काख चाचपून बघायची, आणि अंघोळीनंतर पुन्हा. शेवटी तो म्हणाला, मी गिरगावात जाऊन अंक घेऊन येतो. घाबरट माणसानं असं आपण होऊन म्हणावं याचं सगळ्यांना नवल वाटलं. त्यालाही वाटलं, पण बोलून गेला होता.

ट्राममध्ये कुणाशेजारी बसायला नको म्हणून तो चालत गेला. रस्त्याच्या मधून, कारण दोन्हीकडे दारं होती. दारांवर गोल होते. वाटेत लोकांनी कडुनिंबाचा पाला नि गंधक जाळलेलं, त्या धुरानं डोळे चुरचुरत होते. भायखळ्याच्या पुढे एक माणूस त्याच्याकडे बघून खोकला, तर कुशाबा पळाला. मागे वळून पाहिलं तर तो माणूसही पळत होता, उलट दिशेला. गिरगावात शिरला तेव्हा सोनापूरच्या मसणवट्याच्या बाजूनं धूर उठत होता, आणि तो कडुनिंबाचा नव्हता.

छापखान्याला कुलूप होतं. फटीतून पाहिलं तर आत टाइपांचे खण अर्धे उपसलेले, एक चप्पल, दौत कलंडलेली. समोरच्या ओसरीवरची म्हातारी म्हणाली, कंपोझिटर गेला, म्हणून मालक अलिबागेला पळाला. आणि ती गोष्ट लिहिणारा? तिला ठाऊक नव्हतं. असेल कुठेतरी, नसेलही.

कुशाबा ओटीच्या पायरीवर बसला. परत जाऊन अंक नाही म्हटलं की ती सगळी बसून राहणार. पुतळाबाई चुलीपुढे, शिवा भिंतीला, जयवंत दाराशी. मग एकेक करून डोली. हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं की त्यानं डोळे मिटले, तर आणखी स्वच्छ दिसलं. दुसरी वाट एकच होती, आणि तिची त्याला तापाइतकीच भीती वाटत होती. पोथी खोटी वाचायची.

मनातून तोही तिला पोथीच मानू लागला होता.

वाटेत एका दुकानातून त्यानं कोरा तपकिरी कागद घेतला. घरी आल्यावर, खाणावळीत जाण्याआधी, आपल्या खोलीत ठेवलेला गेल्या खेपेचा अंक त्या कागदात गुंडाळला, पुस्तकाला वेष्टण घालतात तसा. आणि रविवारी दुपारी तो पाटावर ठेवला.

पुतळाबाईनं हळदकुंकवाचं बोट लावलं. अंक दोन्ही हातांत धरून कपाळाला टेकवला. जरा जास्तच वेळ टेकवला, असं कुशाबाला वाटलं. मग तिनं गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी हुंकार दिला, आणि म्हणाली, “वाच रे.”

कुशाबानं उघडलं. समोर जुनाच मजकूर. त्यावरून डोळे पुढे सरकवत तो डोक्यातला मजकूर बोलू लागला. छापील भाषा त्याच्या जिभेवर इतकी बसलेली की ती आपसूक येत गेली. ‘तेव्हां ती सुकुमार राजबाला क्षणमात्र स्तब्ध राहिली.’ हात थरथरत होते, पण ते राक्षसाच्या प्रकरणातही थरथरत, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही.

शेवट त्यानं वाटेत जुळवला होता. कुणाच्याही पदरात घातली तर दुसरा पक्ष उसळणार. म्हणून पुतळाबाईचा प्रश्न त्यानं अरिंजयाच्या तोंडी घातला: हे राजकन्ये, तुला कोठे जावयाचे आहे? आणि स्फटिकलेखा म्हणाली, मला माझ्या माहेरी जावयाचे आहे. आटलेल्या सरोवराच्या कडेला नदी होती, नदीत नौका होती. ती एकटीच नौकेत बसली. तुम्ही दोघेही आपापल्या घरी जावे, असे म्हणून तिने दोर सोडला. समाप्त.

सगळे एकदम बोलले. जयवंताचं म्हणणं, माणसानं एवढी वर्षं पैंजण बांधून फिरायचं आणि शेवटी घरी जा? कुणी म्हणालं, माहेरी तिला घेतील का. कुणी म्हणालं, घेतील, राजाच तो. भांडण नेहमीचं सुरू झालं आणि कुशाबाच्या जिवात जीव आला, कारण खोटं आहे असं कुणीच म्हणत नव्हतं. वाईट आहे असं म्हणत होते. पुतळाबाईनं हात वर केला.

“ती माहेराक गेली. बरा केल्यान. आता आपणय जावया.” तिनं नारळ उचलला आणि गाऱ्हाणं घातलं.

“व्हय म्हाराजा.”

एक सूर कमी होता. जयवंतानंसुद्धा कुरकुरत का होईना म्हटलं होतं. शिवा भिंतीला टेकून गप्प बसला होता.

पुतळाबाईनं नारळ खाली ठेवला. शिवा म्हणाला की तुम्ही सगळे जा, मला ही समाप्ती मान्य नाही, मी इथेच राहतो. जयवंत म्हणाला, तुझ्यापायी आमचीही अडते, बाबा, नुसता हुंकार तर दे, त्यात तुझं काय जातं? शिवानं मान हलवली. खोट्या तोंडानं देवाला व्हय म्हणायचं नाही, म्हणाला. दुपार कलत होती. बाहेर रस्त्यावरून डोली जात असावी. भोयांचा हुंकार ऐकू आला, आणि खोलीतली सगळी माणसं तो लांब जाईपर्यंत खाली बघत राहिली.

कुशाबाला पुढचं दिसत होतं. आता हे असेच बसणार, आपण जुळवलेल्या शेवटामुळे बसणार. त्यानं शिवाकडे पाहिलं. शिवा कुणाकडेच पाहत नव्हता. हाताच्या नखानं जमिनीचं शेण उकरत होता. आणि घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती लवकर ओळखू येते म्हणा, कुशाबाला एकदम कळलं की हा तापाला भीत नाही, लवूसारखं मरण्यालाही भीत नाही. हा आगबोटीतून उतरून घराच्या पडवीत उभं राहण्याला भितोय.

“थांबा,” तो म्हणाला. “एक पान चिकटलेला.”

त्यानं बोटाला थुंकी लावली आणि पान उलटल्यासारखं केलं. या खेपेला डोक्यात काही जुळवलेलं नव्हतं.

“‘दोर सुटला, तरी नौका हलेना,’” त्यानं सुरुवात केली. “‘राजकन्येने मागे वळून पाहिले. नीलकेतु तीरावर उभा होता. तो येण्यास धजत नव्हता, आणि जाण्यासही धजत नव्हता. मजकडून अपराध घडला आहे, असे तो म्हणाला. तेव्हां स्फटिकलेखा म्हणाली...’”

इथे कुशाबाची छापील भाषा संपली. मास्तरांची छडी मागे उभी राहिली, पुढे शिवा बसलेला, आणि शब्द येईना. मग जो आला तो घरचा आला.

“‘ती म्हणाली, झाला ता माका ठावक असा. मी इसारलंय नाय. पण किती दिवस थंयच उभो रवतलंस? होडयेत जागा असा. येवचा तर ये.’”

राजकन्या देवगडाकडचं बोलली, याचं कुणालाही काही वाटलं नाही. जयवंतानं तोंड उघडलं होतं. पुतळाबाईनं त्याच्याकडे पाहिलं तसं त्यानं मिटलं.

शिवानं विचारलं, “मग तो चडलो?”

कुशाबाला व्हय म्हणायचं होतं. पण त्यानं पानाकडे पाहिलं आणि म्हणाला, “ता नाय लिवलेला. हयसर समाप्त असा.”

पुतळाबाईनं पुन्हा गाऱ्हाणं घातलं, अगदी हळू, जणू एकाच माणसासाठी.

“व्हय म्हाराजा,” शिवा म्हणाला, आणि त्याच्यामागून बाकीच्यांनी.

नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाईनं चुलीवर पाणी ओतलं, दाराला कुलूप घातलं, आणि सगळीजणं गाठोडी घेऊन धक्क्यावर गेली. तिथे काखा तपासत होते. कुशाबानं हात इतके वर केले की तपासणारा हसला. आगबोटीत तो समुद्राला घाबरून गाठोड्यांच्या मध्ये बसला, डोळे मिटून. पलीकडे जयवंत कुणाला तरी सांगत होता की नीलकेतू चढला असणार, पण मागच्या बाजूला, सामानाजवळ. पुढे बसायची त्याची लायकी नाही. शिवा कठड्याशी उभा होता आणि ते ऐकून गालात हसत होता.

पुतळाबाई कुशाबाच्या कानाशी वाकली. म्हणाली, कोऱ्या पोथीला माझ्या तिखल्याचा वास कसा रे? कपाळाला लावली तेव्हाच आला.

कुशाबाचा डोळा उघडेना. तो पुटपुटला की बाय, मला पाप लागेल का?

“लागात,” पुतळाबाई म्हणाली. “अर्दा माका दी.” आणि त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

ताप पुरता गेला नव्हता, तरी दसऱ्याच्या सुमाराला गिरण्यांनी माणसं बोलावली आणि एकेक करून सगळी लालबागेत परतली. सगळ्यात उशिरा शिवा आला, रखमाला घेऊन. दोघांनी वरच्या मजल्यावर खोली केली. रखमा उंच, थोडकं बोलणारी. दुपारची पुतळाबाईच्या हाताखाली वाटण वाटायला बसू लागली.

आणि एका रविवारी जयवंत धावत आला. छापखाना उघडला होता. अंक निघाला होता, आणि त्यात ‘स्फटिकलेखा’ होती.

कुशाबानं डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, कुणी ऐकेना. अंक पाटावर आला, हळदकुंकू झालं. छापलेला शेवट असा होता: अरिंजयानं एका वारात नीलकेतूचं शिर उडवलं, राजकन्या त्याच्या गळ्यात पडली, आणि मोठ्या थाटात विवाह झाला. कुशाबानं एक अक्षर न बदलता सगळं वाचलं. बदलायची ताकदच नव्हती. वाचून झाल्यावर तो अंक मांडीवर ठेवून खाली मान घालून बसला, छडीची वाट बघत.

आधी कुणाला समजेचना. समाप्ती झालेल्या पोथीची पुन्हा समाप्ती कशी? मग जयवंत, जो जन्मभर अरिंजयाच्या बाजूनं भांडला तो, म्हणाला की छापणाऱ्यानं काहीतरी घोळ घातलाय. तापानं माणसं गेली, नवा कंपोझिटर आला असेल, त्याला मागचं काय ठाऊक. दुसरा म्हणाला, आपल्याकडचा अंक खरा होता, तो आता मिळणारही नाही. कुशाबा, तो नीट ठेवलायस ना?

सगळ्यांनी कुशाबाकडे पाहिलं.

वाटण वाटता वाटता रखमाचा हात थांबला होता. चार माणसांत ती सहसा बोलत नसे.

“ह्या खोटा,” ती म्हणाली. “होडयेत जागा होती. माका ह्येनी सांगल्यानी हा.” आणि पुन्हा वाटू लागली.

शिवानं अंगठ्यानं जमीन उकरली. पुतळाबाईनं तोंड चुलीकडे फिरवलं; धूर नव्हता, तरी तिनं डोळे पुसले.

छापलेल्या अंकाला नारळ फुटला नाही. लालबागेत ती गोष्ट पुढे कुशाबाच्या शेवटानंच सांगितली गेली, आणि नीलकेतू होडीत चढला की नाही यावर पंगतीला भांडणंही तशीच होत राहिली. कुशाबानं मात्र त्या गोष्टीचं सुख म्हणून कधी घेतलं नाही. गिरगावाकडून कुणी पगडीवाला रस्त्यानं येताना दिसला की तो भरल्या ताटावरून उठून मोरीत जाऊन बसे, आणि हा गोष्ट लिहिणारा नव्हे, सावकाराचा माणूस आहे, असं पुतळाबाईनं दोनदा ओरडून सांगितल्याशिवाय बाहेर येत नसे.